डबा लपवला, आता तो सादळू द्यायचा नाही

जानेवारीतल्या एका शनिवारी फॅनो क्रीक या ओढ्याच्या काठी गुडघ्यांवर बसून मी मीच लपवलेला डबा उघडला. आत कागदाची लापशी झाली होती. सप्टेंबरमध्ये ठेवलेली वही, तिच्यातल्या सतरा जणांच्या सह्या, एका लहान मुलीने काढलेलं कासव, सगळं एकजीव. त्याआधी तीन आठवडे लोक वेबसाइटवरच्या नोंदीत लिहीत होते, ‘वही ओली आहे’, ‘सही करता आली नाही’. आणि मी पाऊस थांबला की जाईन म्हणत बसले होते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, आमच्या पोर्टलंडकडे हिवाळ्यात पाऊस थांबण्याची वाट पाहायची म्हणजे मे महिन्याची वाट पाहायची. त्या सतरा जणांनी चिखल तुडवत येऊन सही केली होती आणि ती जपणं एवढंच माझं काम होतं. ते मी केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याला नऊ वर्षं झाली. आज इथे माझे सहा डबे आहेत, सगळे बीव्हर्टनच्या आमच्या घरापासून सायकलने अर्ध्या तासाच्या आत. इकडे राहणारी बरीच मराठी कुटुंबं मुलांना घेऊन जिओकॅशिंग सुरू करतात. पन्नासेक डबे शोधून झाले की आपणही एक लपवावा असं वाटू लागतं. शोधायचं कसं ते ॲप शिकवतं. सांभाळायचं कसं ते मी चुका करत शिकले, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर देतो, बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तसा ठेवून देतात. डब्याला म्हणतात ‘कॅश’, पण मराठीत बोलताना त्याचा पैशांशी घोळ होतो, म्हणून आमच्या घरी तो नुसता ‘डबा’. लपवणाऱ्याला ‘ओनर’ म्हणतात.

खेळ सुरू झाला तो आमच्याच राज्यात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र एकदम नेमकं झालं. लगेच, ३ मे २००० ला, डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडच्या आग्नेयेला बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धी जमिनीत पुरली आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही आणि पेन्सिल होती, आणखी काही वस्तू होत्या, घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबाही होता. आज तिथे एक स्मारकफलक आहे आणि मी मुलाला घेऊन तो पाहून आले आहे. पण तीच बादली आज कोणी नोंदवायला गेलं तर मंजूर होणार नाही. ती पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याची वस्तू होती. पुढच्या काळात लोकांना जे जे निस्तरावं लागलं, त्यातूनच आजचे नियम आले आहेत, म्हणून मी ते मनापासून पाळते.

लपवण्याआधी

पहिलं काम परवानगीचं. जागा सार्वजनिक असली तरी ती कोणाच्या तरी ताब्यात असते: शहराचं उद्यानखातं, राज्य उद्यान, वनखातं, चर्च. राष्ट्रीय उद्यानांत खरा डबा ठेवायला सहसा परवानगी मिळत नाही. मी माझ्या पहिल्या जागेसाठी उद्यानाच्या कार्यालयाला ईमेल लिहिली तेव्हा डब्याचा फोटो, माप, नेमकी जागा आणि माझा फोन नंबर दिला. उत्तर अकरा दिवसांनी आलं. त्यांनी होकार दिला, फक्त पायवाटेपासून तीन मीटरच्या आत ठेवा म्हणाले. ती अट किती शहाणपणाची होती ते पुढे कळलं. दुसरा एक डबा मी नेच्यांच्या दाटीत आत ठेवला होता. चार महिन्यांत तिथे माणसांच्या पावलांनी एक नवी वाट पडली. नेचे चिरडले, पावसाने माती वाहून गेली. मी तो डबा त्याच आठवड्यात वाटेलगतच्या पडलेल्या ओंडक्यापाशी हलवला. डबा कुठे ठेवायचा हे ठरवताना मी आता हेच बघते, की शंभर माणसं इथे आली तर जमीन कशी दिसेल.

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. नवख्यांचा इथे गोंधळ होतो. नकाशावर जागा मोकळी दिसते, तरी डबा नोंदवायचा अर्ज परत येतो. कारण कोडं सोडवून किंवा एकेक टप्पा पार करत शोधायच्या कॅशचे खरे डबे नकाशावर दिसत नाहीत, पण अंतर त्यांच्यापासूनही मोजलं जातं. अर्ज तपासणारे रिव्ह्यूअर स्वयंसेवक असतात. त्यांना आधी आकडे पाठवून ‘ही जागा मोकळी आहे का?’ विचारलं तर ते सांगतात. डबा रंगवून, सजवून झाल्यावर विचारू नका.

मालकाची स्पष्ट परवानगी नसेल तर खड्डा खणायचा नाही. झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही. विजेच्या पेटीला लोहचुंबकाने डबा चिकटवायचा नाही. शोधणारं पोर ती पेटी उघडायला बघतं. शाळा, विमानतळ, धरण, मोठे पूल, सरकारी इमारती यांच्या आसपास जायचं नाही. आत खाऊ, दारू, औषधं, चाकू, फटाके काही नको. वासाची मेणबत्तीसुद्धा नको, कारण वास रॅकून या इथल्या रानटी प्राण्याला आणतो आणि रॅकून झाकणाच्या कडा चावून ठेवतो.

डब्यावर बाहेरून लेबल लावा: हा खेळातला डबा आहे, धोकादायक नाही, कॅशचा नंबर अमुक. मुंबईच्या लोकलमध्ये ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही घोषणा ऐकत आपण वाढलो. झुडपात चिकटपट्टीने गुंडाळलेला काळा डबा दिसला तर एखाद्या अनोळखी माणसाच्या पोटात काय गोळा येईल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. शक्य असेल तिथे मी पारदर्शक डबा घेते, म्हणजे न उघडताही आतली वही दिसते.

आकडे घेताना घाई करू नका. इथल्या उंच डग्लस फर झाडांखाली फोनचं जीपीएस दहा-पंधरा मीटर सहज भरकटतं. मी तीन वेगवेगळ्या दिवशी जाते, दर वेळी फोन पाच मिनिटं एका जागी धरते आणि सरासरी काढते. आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहायचे असतात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक म्हणजे उत्तर-दक्षिण पावणेदोन मीटरच्या थोडं वर. तेव्हा शेवटचा आकडा ‘असाच’ टाकू नका. चुकीच्या आकड्यांपायी लोक चुकीची झुडपं तुडवतात.

गळणं आणि सादळणं

मी दापोलीजवळच्या आंजर्ल्याची. पावसाळ्यात आजी पापडांचा डबा कोणाला उघडू देत नसे. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला, आणि ओला हात बरणीजवळ गेला तर पाठीत धपाटा. डबा गळतो ते वेगळं आणि आतली वस्तू सादळते ते वेगळं, हे तिच्याकडून मला लहानपणीच कळायला हवं होतं. ओरेगॉनमध्ये लापशी हातात घेतल्यावर ते कळलं.

आंजर्ल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पोर्टलंडला नऊशेच्या आसपास. तरी डबे इथे जास्त खराब होतात. तिकडे ऑक्टोबर आला की ऊन पडतं आणि सगळं सुकतं. इथे ऑक्टोबरपासून जी रिपरिप लागते ती वसंतापर्यंत, आणि मधल्या काळात वस्तू सुकतच नाही.

लोक म्हणतात, हवेतल्या वाफेने वही ओली होते. मी हिशोब करून पाहिला. एक लिटर हवेत वीस अंश तापमानाला फार तर सतरा मिलीग्रॅम वाफ मावते. पाण्याचा एक थेंबही त्याहून मोठा असतो. तेवढ्याने वहीची लापशी होत नाही. पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट म्हणजे हात: भर पावसात डबा उघडणारा माणूस, त्याची ओली बाही, परत आत टाकलेलं ओलं खेळणं, वहीवर ठिबकणारी टोपी. दुसरी वाट कोणी बोलत नाही ती. दुपारी डबा तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. रात्री डबा गार पडतो, हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. वीस अंशांवरून पाचवर आलं की एक लिटरच्या डब्यात पन्नास मिलिलिटरची जागा होते. झाकणाच्या फटीत त्या वेळी पाणी साचलेलं असेल आणि रबर कुठे तरी सैल असेल, तर हवेऐवजी ते पाणी आत शोषलं जातं. रोज रात्री, थोडं थोडं.

हे समजलं तेव्हापासून मी डबा ठेवण्याची पद्धत बदलली. नळीसारखा डबा असेल तर तोंड खाली करून टांगते. चौकोनी असेल तर तो थेट मातीवर ठेवत नाही. खाली दोन दगड आणि डबा जरा तिरपा, म्हणजे झाकणाच्या खाचेत पाणी थांबत नाही. वर ओंडक्याचा किंवा सालीचा आडोसा. आणि ओढ्याकाठी असेल तर आधी पूररेषा शोधते. फॅनो क्रीकला हिवाळ्यात पूर येतो. ओसरल्यावर झुडपांच्या फांद्यांना वाळलेलं गवत आणि प्लास्टिक अडकलेलं दिसतं. त्या रेषेच्या वर, निदान हातभर तरी.

डबा कोणता? लष्करात काडतुसं ठेवायला वापरतात त्या लोखंडी पेट्या अमेरिकेत जुन्या मिळतात. जाड रबर, एका कळीने घट्ट बसणारं झाकण, त्याला तोड नाही. वरची लष्करी अक्षरं मात्र रंगाने पूर्ण झाकायची. त्याखालोखाल चारही बाजूंनी कड्या असलेले स्वयंपाकघरातले डबे, लॉक अँड लॉक वगैरे. त्यांचं रबर काढून धुता येतं, पण उन्हात राहिले की तीन-चार वर्षांत कड्या ठिसूळ होतात, म्हणून सावलीतच. लहान जागेसाठी जी जाड प्लास्टिकची नळी फुगवून शीतपेयाची बाटली करतात ती नळी उत्तम, आणि स्वस्त. कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची डबी मी वापरत नाही. तिचं झाकण पाण्यासाठी केलेलंच नाही. बाहेरून जेवण आणतो त्या पातळ डब्यात माझी पहिली वही गेली, त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

डबा आसपासच्या रंगात मिसळावा म्हणून कापडी चिकटपट्टी लावताना झाकणाच्या आणि रबराच्या रेषेवर ती येऊ देऊ नका. दोन मिलिमीटर पट्टी मध्ये आली की झाकण नीट बसत नाही आणि वरून मात्र बसल्यासारखं दिसतं. घरी परीक्षा सोपी आहे: आत टिशू पेपर घालून डबा बादलीत दगडाखाली रात्रभर दाबून ठेवायचा. मी पाणी कोमट घेते, म्हणजे रात्री गार होताना डबा श्वास आत घेतो. सकाळी टिशू कोरडा निघाला तरच तो डबा रानात जातो.

वहीसाठी पाण्यात न विरघळणारा कागद मिळतो. महाग आहे, पण एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. त्यावर पेन्सिलच. जेल पेनची शाई ओलाव्यात पसरते. मी आखूड पेन्सिल टोक काढून आत ठेवते आणि टोक नव्या वहीला भोक पाडू नये म्हणून ते कागदाच्या घडीत खुपसते. प्लास्टिकची पिशवी एकच, फ्रीझरसाठी असते ती जाड. दोन पिशव्या घातल्या की लोक बाहेरची लावतात आणि आतली उघडी सोडतात. आणि वही आधीच ओलसर असेल तर पिशवी ओल धरून ठेवते. तिने वही सुकत नाही. ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी चांगल्या डब्यात थोडा काळ उपयोगी पडते, पण दहा-बारा वेळा डबा उघडला की तिचं काम संपतं. ती बदलायची नसेल तर ठेवू नका.

गोगलगाईंचं सांगायला हवं. त्या कागद खातात, खरोखर खातात. एका डब्याच्या तुटलेल्या कडीतून गोगलगाय शिरली आणि तिने वहीच्या कडेने अर्धवर्तुळं कुरतडून नेली. कडी बदलली तेव्हाच ते थांबलं.

फेऱ्या

मी वर्षातून तीन ठरलेल्या फेऱ्या करते. सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी: रबर काढून धुणं, कोरडं करून पुन्हा बसवणं, वही निम्म्याहून भरली असेल तर नवी. जानेवारीत: फक्त उघडून बघणं आणि पुसणं. जूनमध्ये: झाडोरा पाहणं. ही तिसरी फेरी लोक विसरतात. फेब्रुवारीत उघडी असलेली जागा जूनमध्ये काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीत गेलेली असते. इथे त्या जातीला ‘हिमालयन’ ब्लॅकबेरी म्हणतात, आणि ती हिमालयातली नसली तरी एकदा घुसली की हटत नाही. तीन-तीन पानांचा पॉयझन ओकही त्याच सुमारास वर येतो. अंगाला लागला तर दोन आठवडे खाज. जागा बदलली असेल तर वेबसाइटवर डब्याचं जे पान असतं त्यावरचं वर्णन बदला, वाटेची अवघडता एकपासून पाचपर्यंत असते तीही बदला. एक म्हणजे व्हीलचेअरवरून येणाऱ्या माणसाला पोचता आलं पाहिजे आणि बसल्या जागेवरून हात पुरला पाहिजे. ते खरं असेल तरच एक लिहा.

पाठीवरच्या पिशवीत माझं सामान असं असतं: कोरडी फडकी दोन, कापून ठेवलेले वहीचे कागद, जाड पिशव्या, पेन्सिली, एक जादा डबा, नळीतला बारीक गुंडाळा काढायला चिमटा, रबराला लावायला सिलिकॉन ग्रीस, हातमोजे आणि कचऱ्याची रिकामी पिशवी. येताना वाटेवरचा कचरा उचलून आणायची रीत या खेळात २००२ पासून आहे.

मधल्या काळात नोंदी वाचा. रोज नको, पण आठवड्याला एकदा. ‘सापडला नाही’ एकदा आलं तर घाबरू नका. लागोपाठ दोन आले, तेही अनुभवी माणसांचे, तर मी निघते. ‘ओनर अटेंशन रिक्वेस्टेड’, म्हणजे ओनरने लक्ष घालावं अशी नोंद, आलं तर त्याच दिवशी उत्तर लिहिते, की अमुक वारी जाते आहे. लगेच जमणार नसेल तर पान तात्पुरतं ‘डिसेबल’ करते, म्हणजे कोणी चाळीस मैल गाडी हाकत येऊन हात हलवत परत जाणार नाही. डिसेबल करून विसरायचं मात्र नाही. साधारण महिनाभर वाट पाहून रिव्ह्यूअर विचारणा करतात आणि उत्तर नसेल तर पान बंद करतात. दुरुस्ती झाली की ‘ओनर मेंटेनन्स’ची नोंद करा. ती केल्याशिवाय पानावरचं दुरुस्तीचं चिन्ह जात नाही आणि लोक डबा मोडलेला समजून येत नाहीत.

एक सवय मला सहन होत नाही. डबा सापडला नाही म्हणून काही जण तिथे आपलीच एक डबी टाकतात आणि ‘सापडला’ लिहून मोकळे होतात. माझा डबा जागेवरच होता, ओंडक्याच्या उलट्या बाजूला. सहा महिने लोक त्या दुसऱ्याच गळक्या डबीत सह्या करत राहिले. ती मी उचलून आणली आणि टाकणाऱ्याला स्वच्छ शब्दांत कळवलं. तुम्ही शोधायला जाल तेव्हा मदत म्हणूनसुद्धा असं करू नका. आधी ओनरला विचारा.

डबा हलवायचा झाला तर १६१ मीटरच्या आत तुम्हाला स्वतःला आकडे बदलता येतात. त्याहून लांब असेल तर रिव्ह्यूअरला विचारावं लागतं, बहुधा नवं पानच काढावं लागतं.

गावाकडचा डबा

मला आंजर्ल्याच्या खाडीजवळ एक डबा ठेवायचा होता. सुट्टीत जाऊन ठेवला की झालं, असं वाटलं होतं. रिव्ह्यूअरने नम्रपणे विचारलं, याची देखभाल कोण करणार? सुट्टीत लपवून मागे सोडून दिलेले डबे मंजूर होत नाहीत. जवळ राहणारा कोणी तरी जबाबदार लागतो आणि पानावर त्याचं खेळातलं नाव द्यावं लागतं. मी मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तू सांगतेस तर बघतो, पण जुलैत मी तिथे उतरत नाही. घसरडं असतं.” त्याचं बरोबर होतं. जुलैत जिथे पोचता येत नाही तिथला डबा जुलैतच खराब होणार. शेवटी जागा बदलली. खाडीऐवजी त्याच्याच वाडीच्या गडग्यात, त्याच्या परवानगीने, वर जांभ्या दगडाचा आडोसा. तिथे लष्करी पेटी अर्थात नाही. स्टीलचा, पेचाचं झाकण असलेला डबा आणि त्यावर मराठीत मोठं लेबल. किल्ल्यांवर आणि संरक्षित स्मारकांत ठेवायचा विचार मी केलाच नाही. तिथला एक दगड हलला तरी ते नुकसान आहे.

कधी ना कधी डबा बंद करावा लागतो. जागेवर बांधकाम येतं, घर बदलतं, दुरुस्तीला वेळ पुरत नाही. तेव्हा पान ‘आर्काइव्ह’ करा आणि त्याच आठवड्यात जाऊन डबा उचलून आणा. पान गेलं आणि डबा राहिला तर तो नुसता कचरा. पूर्वीच्या एका घराजवळचे दोन मी गेल्या वर्षी असेच उतरवले. त्यांच्या वह्या बाकीच्या भरलेल्या वह्यांबरोबर बुटांच्या खोक्यात आहेत. तळाशी त्या जानेवारीची लापशीही आहे, रद्दीवर पसरून सुकवलेली. एका कोपऱ्यात कासवाची पाठ अजून ओळखू येते.